खांद्याचे माप आणि बंदुकीचे माप : लहान चणीच्या नवशिक्या शिकाऱ्याच्या पहिल्या बंदुकीचा इतिहास

प्रास्ताविक

शस्त्रांच्या इतिहासाचे लेखन बहुधा युद्धांच्या, कारखान्यांच्या आणि शोधांच्या अनुषंगाने होत आले आहे. ठासणीची बंदूक मागे पडून मागून भरावयाची बंदूक केव्हा आली, काळ्या दारूची जागा धूरविरहित दारूने कशी घेतली, नळीतील आट्यांमुळे रायफलीचा पल्ला किती वाढला, या प्रश्नांची चर्चा विपुल झाली आहे. मात्र बंदूक अखेर कोणाच्या तरी खांद्याला टेकवूनच उडवावी लागते आणि तो खांदा प्रत्येक वेळी धिप्पाड पुरुषाचाच असतो असे नाही, ही साधी गोष्ट या चर्चेत क्वचितच येते.

इंग्लंड आणि अमेरिका येथील शिकारीच्या परंपरेत लहान चणीच्या नवशिक्याला, मग तो मुलगा असो, स्त्री असो वा अंगाने किरकोळ असलेला प्रौढ असो, पहिली बंदूक कोणती दिली गेली आणि त्या निवडीचे परिणाम काय झाले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानचा विचार ओघाने अखेरीस येईल. लहान माणसाला हलकी बंदूक द्यावी, हा समज या परंपरेत शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा समज मुळातच सदोष होता. त्याची किंमत नवशिक्याने तर मोजलीच, पण जखमी होऊन रानात निसटलेल्या प्राण्यांनी ती अधिक मोजली.

सेलूसची चार बोअर

पहिल्या बंदुकीचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण फ्रेडरिक कोर्टनी सेलूस याचे आहे. हा इंग्रज तरुण १८७१ साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत उतरला. जवळची चांगली दुनळी रायफल प्रवासाच्या आरंभीच चोरीस गेल्यामुळे त्याने हत्तीच्या शिकारीसाठी स्वस्तातल्या, ठासणीच्या चार बोअर बंदुका घेतल्या. येथे 'बोअर' या संज्ञेचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. एक पौंड शिशापासून नळीच्या व्यासाच्या जितक्या गोळ्या पडतात, तितक्या बोअरची ती बंदूक. म्हणजे आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. आपल्याकडे परिचित असलेल्या बारा बोअर बंदुकीच्या नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास असतो, तर चार बोअरची एक गोळीच पाव पौंडाची, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमची भरते.

सेलूसच्या या बंदुकांचे वजन सहा किलोपेक्षाही कमी होते. दारू मापाने नव्हे, तर मुठीने भरली जाई. अशा बंदुकांनी त्याने पुढील तीन वर्षांत सत्तरहून अधिक हत्ती मारले. हा पराक्रम शिकारी वाङ्मयात वारंवार सांगितला जातो. परंतु १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सेलूसने जी कबुली दिली आहे, तिच्याकडे वाचकांचे तितकेसे लक्ष जात नाही. या बंदुकांच्या धक्क्याने आपल्या मज्जातंतूंवर असा परिणाम झाला, की पुढे आपली नेमबाजी कायमची बिघडली आणि त्या बंदुका आपण हाती धरल्या याचा आपणास मनापासून खेद होतो, असा त्या कबुलीचा आशय आहे. सेलूस अंगाने कमकुवत नव्हता. तरीही एकोणिसाव्या वर्षी लागलेली खोड जन्मभर गेली नाही.

ही खोड म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. चाप ओढण्याच्या क्षणी येणाऱ्या धक्क्याची आठवण शरीराला आधीच होते. डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, बोट झटका देते आणि गोळी नळीबाहेर पडण्यापूर्वीच नेम हललेला असतो. सोयीसाठी आपण तिला 'दचक' म्हणू. दचकेचा दोष मनाच्या दुर्बलतेकडे लावण्याची प्रथा जुनी आहे. वस्तुतः तो शिक्षणाचा परिणाम आहे. शरीर जे शिकले तेच ते करते, आणि सर्वांत पक्के शिकते ते पहिल्या काही दिवसांत.

सेलूसच्या अगोदरच्या पिढीतील सॅम्युअल बेकरची 'बेबी' नावाची बंदूक अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेकीत असे. बेकर विलक्षण दांडगा पुरुष होता. तरीही ती उडवल्यावर आपण गरकन फिरत असू आणि पुढे तर आपणास तिची धास्ती वाटू लागली होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. ज्या काळी बंदुकीचे सामर्थ्य आणि पुरुषाचे सामर्थ्य ही एकाच मापाने मोजली जात होती, त्या काळात बेकर व सेलूस यांनी दिलेली ही साक्ष महत्त्वाची ठरते.

धक्क्याचे गणित

आता मूळ समजाकडे वळू. लहान माणसाला जड बंदूक फार वेळ पेलवत नाही, म्हणून त्याला हलकी द्यावी, असा त्यामागील युक्तिवाद आहे. तो वरवर निर्दोष दिसतो. परंतु काडतूस तेच ठेवून केवळ बंदुकीचे वजन घटवले, तर तिचा धक्का कमी न होता वाढतो. पुढे जाणाऱ्या छऱ्यांचा आणि दारूच्या वायूंचा संवेग जितका, तितकाच संवेग बंदुकीला मागच्या दिशेने मिळतो. त्यामुळे धक्क्याची ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३.२ किलोच्या बंदुकीऐवजी २.४ किलोची बंदूक दिली, तर खांद्यावर येणारी ऊर्जा एकतृतीयांशाने वाढते. म्हणजे आईबाप ज्या बंदुकीकडे मुलाची सोय म्हणून पाहत, ती त्याच्या खांद्याला अधिक मारीत असे.

बर्मिंगहॅमचा बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याच्या नावावर या संदर्भात एक नियम प्रसिद्ध आहे. बंदुकीचे वजन छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावे, असा तो नियम. त्यानुसार ३२ ग्रॅम छरे फेकणारी बारा बोअर साधारण तीन किलोंची असावी आणि २५ ग्रॅम छरे फेकणारी वीस बोअर २.४ किलोंची असली तरी चालावे. हा नियम छऱ्यांच्या बंदुकीसाठी आहे, हे खरे. तथापि कुतूहल म्हणून तो सेलूसच्या ११३ ग्रॅमच्या गोळीला लावून पाहिला, तर बंदुकीचे वजन जवळजवळ अकरा किलो निघते. त्याच्या हातात त्याच्या जेमतेम निम्मे वजन होते.

यावरून निवडीचा खरा क्रम उघड होतो. आधी काडतूस लहान करावयाचे, मग त्याला शोभेल इतकेच वजन घटवावयाचे, आणि या दोहोंच्याही आधी दस्त्याची लांबी पाहावयाची. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर प्रौढ पुरुषासाठी साधारणपणे ३६ सेंटिमीटरच्या आसपास ठेवले जाते. लहान चणीच्या व्यक्तीला ३१ ते ३३ सेंटिमीटर पुरतात. दस्ता लांब असला, तर दस्त्याचे टोक खांद्याच्या खोलगट भागात न बसता दंडावर किंवा काखेकडे सरकते, मान पुढे ताणावी लागते, गाल दस्त्यावर नीट टेकत नाही आणि तोल सावरण्यासाठी उडवणारा कमरेतून मागे झुकतो. अशा स्थितीत साधा धक्काही गालफडावर थपडेसारखा बसतो. दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवून बोट चापापर्यंत पोहोचते का, हे पाहण्याची खेड्यापाड्यांतील जुनी पद्धत ढोबळ असली, तरी तिच्यामागची दृष्टी योग्यच होती.

अ‍ॅनी ओकली : मापाने शिवलेली बंदूक

ओहायो राज्यातील डार्क परगण्यात १८६० साली जन्मलेली फीबी अ‍ॅन ही मुलगी पुढे अ‍ॅनी ओकली या नावाने जगप्रसिद्ध झाली. वडील १८६६ मध्ये वारले. घरात दारिद्र्य होते. भिंतीवर वडिलांची जुनी ठासणीची रायफल टांगलेली होती आणि वयाच्या आठव्या वर्षी तीच हाती घेऊन आपण पहिली खार टिपली, असे ती पुढे सांगत असे. या प्रकारच्या अमेरिकन रायफलींची नळीच एक मीटरहून लांब असे. म्हणजे ती बंदूक त्या मुलीहून उंच असणार. मात्र तिची गोळी लहान, दारू बेताची आणि नळीचे वजन भरपूर, त्यामुळे धक्का सौम्य. ओसरीच्या कठड्यावर नळी टेकवली की वजनाचाही प्रश्न सुटे. योगायोगाने त्या मुलीच्या वाट्याला आलेली पहिली बंदूक लांबीने अगदीच विसंगत, पण धक्क्याच्या दृष्टीने पुष्कळच अनुकूल होती. सेलूसच्या नशिबी नेमके याच्या उलट आले.

पुढे तिने मारलेली शिकार ग्रीनव्हिल येथील दुकानदारामार्फत सिनसिनाटीच्या हॉटेलांना विकली जाऊ लागली. प्राण्याच्या अंगात छरे नसावेत म्हणून ती डोक्याचा नेम धरी, अशी तिची ख्याती होती. या मिळकतीतून तिने पंधराव्या वर्षी आईच्या शेतावरील गहाण फेडले. ज्या काळात मुलीने बंदूक धरणे ही नवलाई समजली जाई, त्या काळात ती तिच्या हातातले चरितार्थाचे साधन होती, याचा विसर तिच्या सर्कशीतील कीर्तीमुळे पडू नये.

१८८७ साली बफेलो बिलच्या 'वाइल्ड वेस्ट' मेळ्याबरोबर ती लंडनला गेली. उंची जेमतेम पाच फूट. तिच्याबरोबरच्या बंदुका तिच्या चणीला जड होत्या आणि दस्त्याचे बाकही तिला मानवणारे नव्हते. लंडनमधील चार्ल्स लँकेस्टर या पेढीचे तत्कालीन मालक हेन्री थॉर्न यांनी तिच्या शरीराचे माप घेऊन तिच्यासाठी बंदुका बनवल्या. त्यांतील वीस बोअरची बंदूक सुमारे सव्वादोन किलोंची होती. शिंप्याने अंगरखा बेतावा तशी बंदूक बेतण्याची कला इंग्लंडमध्ये तेव्हा चांगलीच रुजली होती. दस्ता हवा तसा लांबआखूड आणि वरखाली करता येणारी मापाची बंदूक त्याच सुमारास वापरात आली. पण ही कला धनिकांपुरती होती. ज्याच्या इस्टेटीत तितर-फेजंटांचे थवे राखलेले असत, त्याच्या मुलाला मापाचा दस्ता मिळे. रानाच्या कडेला राहणाऱ्या मुलाला भिंतीवर जे टांगलेले असेल ते घ्यावे लागे.

अ‍ॅनी ओकलीने पुढील आयुष्यात हजारो स्त्रियांना नेमबाजी शिकवली. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध होण्याची चिन्हे दिसताच पन्नास स्त्री नेमबाजांची तुकडी देऊ करणारे पत्र तिने अध्यक्ष मॅकिन्ली यांना पाठवले. ते स्वीकारले गेले नाही.

मुलांची बंदूक : एकनळी, .२२ आणि .४१०

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कारखान्यांनी आणि टपालाने माल पोहोचवणाऱ्या दुकानांनी बंदूक स्वस्त केली. शेतकऱ्याच्या घरी सर्वाधिक पोहोचली ती उघड्या घोड्याची एकनळी बंदूक. आयव्हर जॉन्सन, स्टीव्हन्स, हॅरिंग्टन अँड रिचर्डसन या कंपन्यांनी असंख्य एकनळी बंदुका विकल्या. मुलासाठी ती सुरक्षित मानली जाई, कारण एका वेळी एकच काडतूस आणि घोडा चढवल्याशिवाय ती उडत नाही. हा युक्तिवाद निम्माच खरा होता. घोड्याची कमान कडक असे. थंडीने बधिर झालेल्या लहान अंगठ्याखालून घोडा निसटण्याचा धोका खराच होता. शिवाय दुसरी नळी नसल्याने ही बंदूक वजनाने हलकी, आणि काडतूस मात्र बहुधा पूर्ण ताकदीचे बारा बोअर. सर्वांत गरीब घरातील सर्वांत लहान मुलाच्या खांद्याला सर्वांत जास्त मारणारी बंदूक मिळाली, ती अशी. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता, ही या इतिहासातील खेदाची बाजू आहे.

याच काळात एक खरोखर उपयुक्त गोष्ट घडली. १८८७ साली स्टीव्हन्स कंपनीने .२२ लाँग रायफल हे काडतूस आणले. गोळी अवघी अडीच ग्रॅमची, धक्का नसल्यासारखा, किंमत अत्यल्प. पुढच्या पंधरा वर्षांत त्यासाठी छोट्या एकबारी रायफली निघाल्या. विंचेस्टरचे १९०२ चे मॉडेल दीड किलोच्या आसपास होते. खार आणि ससा यांच्यापुरते हे काडतूस पुरेसे होते आणि मुख्य म्हणजे मुलाला दिवसभर सराव करता येई. काडतूस आधी लहान करावे, हे तत्त्व येथे प्रथमच सर्वसामान्यांच्या घरात पोहोचले.

उडत्या पक्ष्यासाठी मात्र छरे लागतात, आणि तेथे .४१० चा प्रश्न उपस्थित होतो. हे माप बोअरचे नसून इंचातील व्यासाचे आहे. ही अगदी बारीक नळीची बंदूक धक्का नगण्य म्हणून पिढ्यानपिढ्या मुलांच्या हाती दिली गेली. तिच्या जुन्या, आखूड काडतुसात १४ ग्रॅमच्या आसपास छरे मावतात, म्हणजे बारा बोअरच्या निम्म्याहूनही कमी. १९३३ साली विंचेस्टरने आपल्या ४२ क्रमांकाच्या मॉडेलबरोबर तीन इंची काडतूस आणले, तेव्हा हे प्रमाण २१ ग्रॅमपर्यंत गेले. छरे मोजकेच असल्याने त्यांचा फुलोरा विरळ पडतो आणि नेमात किंचित चूक झाली, तरी पक्षी एकतर सुटतो किंवा एकदोन छरे घेऊन उडून जातो. म्हणजे ज्याच्या हातून चूक होणारच आहे, त्याच्याच हाती चुकीला वाव न देणारी बंदूक. अनुभवी शिकारी .४१० ला उस्तादाची बंदूक म्हणतात, ते उगीच नव्हे. मुलाचा खांदा वाचला, पण त्याचा उत्साह मावळला आणि पक्षी पंख मोडून झुडपात पडला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आखूड दस्त्याची वीस बोअर ही नवशिक्याची बंदूक म्हणून जवळजवळ सर्वमान्य झाली, ती या दोन टोकांच्या अनुभवातून. तिचा आधुनिक अर्धस्वयंचलित प्रकार वायूच्या जोरावर चालतो, त्यामुळे धक्का थोड्या अधिक काळात विभागला जातो आणि खांद्याला तो ढकलल्यासारखा लागतो.

हरणाची रायफल आणि खालची मर्यादा

मोठ्या प्राण्याच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. काडतूस हवे तितके लहान करता येत नाही, कारण दुसऱ्या बाजूला प्राण्याची यातना आहे. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीण कायद्याने साधारणतः .२४० इंचांपेक्षा कमी व्यासाची आणि १७०० फूट-पौंडांपेक्षा कमी ऊर्जेची रायफल हरणासाठी निषिद्ध ठरवली. अपवाद आहेत, ते अगदी लहान जातींपुरते. अशा कायद्यामुळे नवशिक्याच्या निवडीला वरून खांद्याची आणि खालून प्राण्याची, अशा दोन मर्यादा पडल्या.

या दोहोंच्या मध्ये बसणारे काडतूस १८९० च्या दशकातच जर्मनीत तयार झाले होते. ते म्हणजे ७ मिलिमीटर माउझर. इंग्लंडमध्ये रिग्बी या पेढीने त्याला .२७५ हे नाव दिले. डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याने हजारांहून अधिक हत्ती मारले, त्यांतील बहुसंख्य याच सौम्य काडतुसाने. हत्तींच्या या संहाराचे आज कोणी कौतुक करणार नाही, करूही नये. परंतु प्राणी पडतो तो धक्क्याने नव्हे, तर गोळी योग्य जागी लागल्याने, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. अमेरिकेतील 'आउटडोअर लाइफ' मासिकाचे ख्यातनाम लेखक जॅक ओकॉनर यांच्या पत्नी एलिनॉर यांनी हेच काडतूस वापरून अनेक खंडांत शिकार केली. पतीच्या लेखांतून ही गोष्ट लाखो घरांत पोहोचली.

१९५५ साली विंचेस्टरने .२४३ हे काडतूस आणले. लहान उपद्रवी प्राणी आणि हरीण या दोहोंसाठी एकच रायफल पुरावी, हा त्यामागचा हेतू. स्त्रिया किंवा मुले निर्मात्यांच्या मनात मुख्यत्वे नव्हती. पण साडेसहा ग्रॅमची गोळी आणि १९०६ पासून प्रचलित असलेल्या .३०-०६ च्या तुलनेत सुमारे निम्माच धक्का, यांमुळे ते अमेरिकेत पहिल्या हरणाचे काडतूस होऊन बसले. दस्ता मात्र पुढेही दीर्घकाळ पुरुषाच्याच मापाचा राहिला. जेथे आखूड दस्ता मिळे, तेथे तो 'स्त्रिया व मुले' अशा एकत्रित नावाने विकला जाई. प्रौढ स्त्रीची मान, खांदा आणि छाती यांची ठेवण मुलासारखी नसते. तिला दस्ता केवळ आखूड नव्हे, तर गालापाशी उंच आणि टोकाशी वेगळ्या कोनाचा लागतो. सॅव्हेजची 'लेडी हंटर' आणि वेदरबीची 'कॅमिला' या रायफली यासाठी बाजारात आल्या, त्या एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. लँकेस्टरच्या पेढीने अ‍ॅनी ओकलीचे माप घेतल्याला तेव्हा सव्वाशे वर्षे उलटली होती.

हिंदुस्थानातील स्थिती

हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीची निवड हा प्रथमतः परवान्याचा प्रश्न बनवला. कोणती बंदूक पेलेल, हा प्रश्न विचारण्याची सोय मोजक्यांनाच होती. गोरे अधिकारी, त्यांची कुटुंबे आणि संस्थानिक हे ते मोजके. इझाबेल सॅव्हरी या इंग्रज स्त्रीने हिंदुस्थानातील आपल्या शिकारीचे पुस्तक १९०० साली प्रसिद्ध केले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची नात आणि कूचबिहारची राजकन्या गायत्रीदेवी यांनी बाराव्या वर्षी पहिला बिबट्या मारल्याचे त्यांच्या १९७६ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात नमूद आहे.

पहिल्या बंदुकीची खरी हकिकत मात्र नैनितालच्या जिम कॉर्बेटची आहे. १८७५ साली जन्मलेल्या या पोरक्या मुलाला एका नातेवाइकाने दिलेली बंदूक ठासणीची, दुनळी, आणि दारू जास्त भरल्याने उजवी नळी फाटलेली होती. मोडलेला दस्ता पितळी तारेने आवळलेला होता. पुढे शाळकरी वयातच त्याला कॅडेट तुकडीकडून लष्कराने बाजूला काढलेली .४५० मार्टिनी रायफल वापरण्यास मिळाली. मोठ्यांच्या टाकाऊ शस्त्रांवर मुलाने शिकावे, हा अमेरिकेच्या शेतघरातील नियम कुमाऊंच्या तराईतही चालू होता. चंपावतची वाघीण मारल्यानंतर, १९०७ साली संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांच्याकडून त्याला जी रायफल भेट मिळाली, ती .२७५ रिग्बी होती. कॉर्बेटला खांद्याला मानवणारे काडतूस मिळाले, तेव्हा त्याचे वय बत्तीस होते.

आपल्या कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक घरोघर नांदली. रानडुकरापासून भात वाचवण्यासाठी ती बापाकडून मुलाकडे जाई, दस्त्याचे माप न बदलता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात छंद म्हणून शिकार करण्याचा अध्याय संपवला, तर आजच्या शस्त्र कायद्यानुसार एकवीस वर्षांखालील व्यक्तीला परवाना मिळत नाही.

मापाचा प्रश्न मात्र तेथून नेमबाजीच्या मैदानावर गेला. महाविद्यालयीन राष्ट्रीय छात्र सेनेच्या छात्राच्या हाती आजही प्रथम .२२ रायफल येते. एकाच मापाचा तो दस्ता लहान चणीच्या छात्रांच्या हनुवटीला कसा लागतो, हे शिबिराला गेलेल्या प्राध्यापकांनी पाहिले असेल. स्पर्धेच्या रायफलीत मात्र गालपट्टी, दस्त्याची लांबी आणि खांद्याचा आकडा हे सर्व चावीने फिरवून उडवणाऱ्याच्या अंगाला जुळवून घेता येते. २०१० साली म्युनिच येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत अशाच जुळवून घेतलेल्या रायफलीवर नेम धरीत होती.